टीव्ही लावू की माती भिजवू?

पत्र असं आहे :

"मॅडम, सादर नमस्कार. मी डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेसाठी पांढरकवड्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत जाते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, एकतीस मुलं. त्यातली नऊ पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही आहे. सर त्यावर कविता लावून देतात, मुलं चिडीचूप बसतात. मागच्या आठवड्यात मी परिसर अभ्यासाला माती भिजवून गावाचा नकाशा करायला घेतला. मुलं माखली, गोंगाट झाला आणि नेमक्या तेव्हाच आमच्या अध्यापक विद्यालयाच्या मॅडम पाठ पाहायला आल्या. शेरा मिळाला : 'वर्गनियंत्रण नाही. तंत्रज्ञानाचा वापर नाही.' विद्यालयातल्या आमच्या सरांचं म्हणणं उलटं, मोबाइलनं पोरांची कल्पनाशक्ती मेली. माझ्या मैत्रिणी पाठ टाचण एआयकडून काढतात, त्यांना चांगले गुण पडतात. मला पुढच्या महिन्यात तंत्रज्ञानाचा नवोपक्रम दाखवायचा आहे. टीव्ही लावू की माती भिजवू? आणि हप्त्यावर चांगला मोबाइल घेऊ का? सध्या बाबांचा जुना वापरते. तुमची, क., यवतमाळ जिल्हा."

बेटा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. तो शेरा मनाला लावून घेऊ नको. मी अकरा वर्षं केंद्रप्रमुख होते, म्हणजे शाळांच्या एका गटावर देखरेख करायची, असले शेरे मीही लिहिले आहेत. शेरा लिहिणाऱ्याला त्या दिवशी आणखी दोन शाळा करायच्या असतात, आणि चपलेला चिखल न लागू देता गाडीपर्यंत पोचायचं असतं.

माझं एक जुनं पाप सांगते. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, शाळेत बैल सजावट ठेवली होती. बहुतेक पोट्टे लाकडी नंदी घेऊन आले. तिसरीतला एक मात्र घरी केलेला मातीचा बैल घेऊन आला. सुबक होता, वशिंड नीट उचललेलं, गळ्यात सुतळीची कंडी. पण शिंग एकच. मी म्हटलं, "अरे, दुसरं शिंग काऊन नाही लावलं? लाव." तो काही बोलला नाही. अंगणातली माती भिजवली, शिंग वळलं आणि लावलं. आता ओली माती सुक्या मातीला धरत नाही, हे त्याला माहीत असणारच, मलाच माहीत नव्हतं. मिरवणुकीत शिंग गळून पडलं आणि सगळे हसले. चार दिवसांनी त्याचे बाबा शाळेवरून बैलबंडी घेऊन गेले. उजवीकडच्या बैलाला एकच शिंग होतं.

पोरानं घरचा बैल केला होता, मी त्याला पुस्तकातला बैल करायला लावलं. तेव्हा आमच्या शाळेत टीव्ही तर सोड, वीजही नव्हती. म्हणून तुझ्या सरांचं 'मोबाइलनं कल्पनाशक्ती मेली' हे वाक्य मला अर्धंच पटतं. तिचा जीव घ्यायला खडूही पुरतो, आम्ही तो तीस-तीस वर्षं घेतला आहे. कोणत्याही शाळेच्या भिंतीवरची चित्रं पाहा. दोन डोंगर, मधून सूर्य, पुढं नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. आपल्याकडच्या पोरानं नारळ पाहिला तो मारुतीपुढं फुटताना. झाडं पाहिली पळसाची, मोहाची, धुऱ्यावरच्या बाभळीची. तरी चित्रात नारळच. तो फळ्यावरून उतरला, कुण्या यूट्यूबवरून नाही.

तर टीव्ही की माती, हा प्रश्नच मला फार महत्त्वाचा वाटत नाही. मी एवढंच पाहते की तास संपला तेव्हा पोरांच्या हातात सकाळी नव्हतं असं काही आहे का, आणि एकतीस जणांचं ते एकतीस तऱ्हांचं आहे का. तुझ्या मातीच्या नकाशात हे होतं. शाळेतल्या सरांच्या टीव्हीत नाही. पण मातीचेही एकतीस सारखेच गणपती करून घेतले असतेस, तर ते टीव्हीपेक्षा काही वेगळं नव्हतं.

टीव्हीला मात्र शत्रू करू नको. तो गावानं पैसे जमवून घेतला आहे, कुणी कापसाच्या चुकाऱ्यातून दिले असतील. तो वाकवून वापर. उद्या कविता लाव आणि पडद्यावर तुझा दुपट्टा टाक. पोरं फक्त ऐकतील. "आत काय चाललं असंल, काढा बरं." पाऊस कसा, म्हातारी कशी, घर कसं, ज्याचं त्यानं काढायचं. मग दुपट्टा काढ. "माहीच म्हातारी बरी हाय, तिच्या कंबरात बटवा हाय" असं एखादी पोरगी म्हणेल, तेव्हा तुला कळेल की मी काय म्हणते. दुसऱ्या दिवशी उलट कर. आवाज बंद, चित्र चालू, बोलायचं पोरांनी. मात्र पुरा व्हिडिओ सलग कधीच लावू नको. रिमोटवरचं थांबवायचं बटण हेच त्या यंत्रातलं सगळ्यात कामाचं बटण.

आमच्या केंद्रातल्या एका शाळेला टॅब मिळाले होते. पोट्टे फोडतील या भीतीनं ते लोखंडी कपाटात कुलपाखाली गेले. दर पंधरवड्याला कोणीतरी नोंदवहीत 'सुस्थितीत' लिहीत होतं, आणि खाली माझी सही होती. तीन वर्षांनी कपाट उघडलं तर बॅटऱ्या पापडासारख्या फुगलेल्या. एकाही टॅबवर पोराच्या बोटाचा ठसा नव्हता.

हे फक्त आपल्याकडचं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं खेड्यापाड्यातल्या मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. भाषा आणि गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही, तर्काच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला. यंत्र पोचलं, शिकवणं होतं तिथंच राहिलं. आपल्या ग्रामीण भागाचं पाहायचं तर असर या शिक्षण पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन चालवता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाच्या कामाला वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. तुझी मुलं त्या वयाला पोचायला अजून वेळ आहे. फोन म्हणजे बघायची वस्तू की करायची वस्तू, हे त्यांच्या मनात अजून ठरलेलं नाही. तुझ्या हातात ते आहे.

आपल्या विदर्भातलीच एक गोष्ट तुमच्या अभ्यासक्रमात आहे, पण ती पाच गुणांची टीप म्हणून पाठ केली जाते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते, पुढं डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला. हीच नई तालीम. टिपेत आपण लिहितो 'हस्तोद्योगातून शिक्षण' आणि पुढच्या टिपेकडं वळतो. तकली जरा हातात घेऊन पाहा. एक काडी, खाली चकती. फिरवली की सूत. किती तार झाले ते मोजलं की गणित, कापूस कुठून आला ते विचारलं की भूगोल, सूत तुटलं तर काऊन तुटलं हे विज्ञान. तकलीसुद्धा यंत्रच होती. पण ती पोराच्या हातात होती आणि पोराच्या गतीनं फिरायची. पुढं बऱ्याच ठिकाणी नुसतं सूत कातणंच उरलं, डोकं गळून पडलं, तेही खरं. म्हणजे तकलीचाही टीव्ही होऊ शकतो. मग मोबाइलची तकली का होऊ नये?

आता तुझा नवोपक्रम. पोळा जवळ आला आहे, मी तुझ्या जागी असते तर झडत्या, म्हणजे पोळ्याच्या तोरणाखाली म्हणतात ती यमकाची गाणी, धरल्या असत्या.

बाबांचा जुना फोन आहे ना? त्यात आवाज टिपायची सोय असतेच, इंटरनेट लागत नाही, टावर लागत नाही. मुलांचे पाच गट कर. प्रत्येक गटानं गावातल्या एका म्हाताऱ्याकडं जायचं, ज्याला तोरणाखाली झडती म्हणता येते. फोन एक असला तरी चालतो, रोज एका गटाचा नंबर लाव. संध्याकाळी जा, दिवसा माणसं शेतात डवरणीला असतात. विचारायचं काय ते पोरांनी आधी ठरवायचं, तू नाही.

मग वर्गात ऐका. एकेक ओळ पाच-पाच वेळा. चौथीची पोरं लिहून काढतील. लिहिताना अडतील, कारण त्यात शिवळा असेल, तिफन असेल, वेसण असेल. ज्याला शब्द माहीत नाही त्यानं घरी विचारून यायचं आणि चित्र काढायचं. पहिली-दुसरीची पोरं तोवर मातीचे बैल करतील, आणि एक शिंग असलं तर राहू दे. फोनवर बोलून मराठी लिहायची सोय असते, तीही लावून पाहा, तेवढ्यापुरतं इंटरनेट घे. पोरानं "मले तहान लागली" म्हटलं की फोन काय लिहितो, ते सगळ्यांनी मिळून वाचा. यंत्राला आपलं वऱ्हाडी कितपत कळतं, हे पोरांनीच तपासावं. आजवर यंत्रच पोरांची परीक्षा घेत आलं आहे.

शेवटी पोरांनी स्वतःची झडती करायची. आमच्या केंद्रात एका चौथीच्या पोरीनं केलेली मला अजून पाठ आहे :

बैल इकला, आनला टॅक्टर,
डिझल पेते लिटरवर लिटर.
पुसलं त्याले, तू शेन देशीन का?
पोयाच्या दिशी पुरनपोई खाशीन का?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

तिच्या घरची बैलजोडी त्याच वर्षी विकली होती. ती ओळ कुठल्या स्मार्ट वर्गातून येणार? पण ती यायला आधी तिनं गावातल्या एका आजोबांची झडती फोनवर तीस वेळा ऐकली होती, हेही विसरू नको. चाल तिथून आली.

आणि ती नऊ कोलाम मुलं. तू त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंस, मला वाटतं तिथंच तुझं खरं काम आहे. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. तिचं मराठीशी कुळाचं नातं नाही, तेलुगू तिच्या कुळातली. म्हणजे पहिलीतलं पोडावरचं पोर जेव्हा टीव्हीवरच्या कवितेपुढं चिडीचूप बसतं, तेव्हा ते रमलेलं नसतं, त्याला कळत नसतं. त्यांना फोन दे आणि आजीकडून कोलामीत गोष्ट टिपून आणायला सांग. वर्गात ती लाव. बाकीच्या बावीस जणांनी ओळखायचं गोष्ट कशाची आहे ती. एका दिवसासाठी न कळणारे ते आणि समजावून सांगणारे हे. बसण्याच्या रांगा बदलतात की नाही, ते पाहा.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. सगळे त्यांच्या क्यूआर कोडचं सांगतात. त्यांच्या शाळेतली मुलं घरी कन्नड बोलायची आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती, तिथून त्यांचं काम सुरू झालं, हे कमी लोक सांगतात. कोड चिकटवायला आता कुणालाही येतो. तो उघडल्यावर आत पोराच्या ओळखीचं काही निघतं का, ते पाहायला वर्गातली मुलं ओळखावी लागतात. तुमच्या झडत्या आणि कोलामी गोष्टी अशाच कोडखाली ठेवता येतील, वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवता येतील. जमलं तर कर, नाही जमलं तरी उपक्रम अडत नाही.

लाइट गेली तर? जाईलच, श्रावणात तर हमखास. म्हणून कपाटात काड्यापेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी ठेव. सायकल दुकानदार अजून देतो, खूपच स्वस्त. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी सातपुड्यापलीकडं होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना हा खेळ शोधला. नळीचे तुकडे म्हणजे सांधे, काड्या म्हणजे बाजू. गूल आधी काढून टाक, नाहीतर वेगळाच नवोपक्रम होईल. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तर हलत नाही, चारांचा चौकोन बोटानं ढकलला की कलंडतो. मग पोरांना बाहेर सोड. शाळेच्या टिनाखालची कैची, विजेचा मनोरा, बंडीच्या दांड्या, कुठंकुठं त्रिकोण आहेत ते शोधून फोनवर फोटो काढा. माती, काडी आणि फोन एकाच तासात आले, आणि टाचणात 'तंत्रज्ञानाचा वापर' या रकान्यात लिहायला तुला खोटं बोलावं लागलं नाही.

टाचणावरून आठवलं. मैत्रिणी एआयकडून काढतात म्हणून तू चिडू नको आणि लाजूही नको. आम्ही मागच्या वर्षीच्या मुलीची वही आणून उतरवून काढत होतो, त्यापेक्षा हे फार वाईट नाही. पण ते टाचण एकदा वाच. मुंबईतल्या शाळेत जसंच्या तसं चालण्यासारखं असेल, तर ते तुझ्या एकतीस जणांचं नाही. त्यात एकही नाव नसेल, पोड नसेल, दुपारी खिचडीनंतर पेंगणारी पहिली नसेल. त्याच्याकडून दुसरं काम करून घे. चार वर्ग एका खोलीत सांभाळायचे म्हटलं की एकच उतारा सोपा, मध्यम, अवघड असा तीन तऱ्हांनी लागतो. तो मी रात्री अकरापर्यंत हातानं लिहायची. हे काम ते दोन मिनिटांत देतं. मात्र प्रत्येक ओळ पुस्तकाशी ताडून घे, ते चुकीची गोष्टही ठासून सांगतं. आणि वर्गात विचारायचे प्रश्न तुझे तूच काढ.

गोंगाटाचंही सांगते, ही आमच्या आतल्या गोटातली युक्ती आहे. टाचणात अपेक्षित अध्ययन अनुभवाच्या खाली आधीच लिहून ठेव : 'मुले गटात मोठ्याने चर्चा करतील, वाद घालतील, नकाशात दुरुस्ती करतील.' निरीक्षक आल्या की टाचण त्यांच्या हातात दे. मग तोच गोंगाट तुझ्या नियोजनात बसतो, आणि वर्ग शांत असेल तर तुलाच विचारतील की चर्चा का होत नाही. हात धुवायची बादली दाराशी ठेव, चिखलाबद्दलची निम्मी तक्रार तिथंच संपते. तरी कमी गुण दिले तर घे. ते प्रमाणपत्रावर जातील, त्या एकतीस जणांच्या पाठीवर नाही.

पोरांचे फोटो मात्र आपल्या स्टेटसला टाकू नको. सगळे टाकतात, मला माहीत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. पण कायदा बाजूला ठेव. शेंबूड वाहणाऱ्या पोराचा फोटो त्याच्या मामाच्या गावात पोचतो आणि पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, हे मी पाहिलं आहे. आवाज टिपलेल्या म्हाताऱ्यांनाही विचार, आणि सगळं झाल्यावर त्यांना ते ऐकवून ये.

आता मोबाइल. हप्त्यावर घेऊ नको. टीईटी ही पात्रता परीक्षा व्हायची आहे, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट पाहणं, ते कधी उघडेल ते पोर्टललाच माहीत. निवड झाली तरी आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन महिना सोळा हजार. त्यातून हप्ता, खोलीभाडं आणि एसटी कशी भागवशील? बाबांच्या फोनला नवी बॅटरी टाक आणि जागा रिकामी करून घे. आधी त्यांना विचार, बायांनी तुरीच्या शेंगा सोलताना म्हटलेली गाणी वगैरे काही टिपून ठेवलं असेल तर ते पुसलं जाऊ नये.

झडत्या लिहून झाल्या की मला पाठव. पोरांच्या अक्षरातल्याच पाठव, शुद्धलेखन दुरुस्त करू नको.

तुझी,
मॅडम